नासिक कट
नासिक येथील क्रांतिकारकांविरुद्ध ब्रिटिश सरकारने चालविलेला अभियोग (१९१०–११). पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये नासिक इंग्रजांच्या अंमलाखाली आले. १८५७ च्या सुमारास भागोजी नाईकाच्या नेतृत्वाखाली या भागातील भिल्लांनी उठाव केला होता. तथापि सुशिक्षित तरुणांची संघटित गुप्त चळवळ येथे सुरू झाली, ती १९०० च्या सुमारास स्थापन झालेल्या मित्रमेळ्यापासून. पोवाडे, व्याख्याने व उत्सव ही त्याची उघड अंगे होत. १९०४ मध्ये मित्रमेळ्याचे रूपांतर अभिनव भारत या संस्थेत झाले. इटलीतील मॅझिनीच्या गुप्त संघटनेचा आदर्श तिच्यापुढे होता.

राजद्रोही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जून १९०९ मध्ये गणेश उर्फ बाबाराव सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. केवळ कवितांसाठी ही शिक्षा विलक्षण कठोर होती. तिचा सूड म्हणून २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने जिल्हाधिकारी जॅक्सन याला गोळ्या घालून ठार केले. जॅक्सनची मुंबईस बदली झाली होती व त्याच्या निरोपानिमित्त संगीत शारदा नाटकाचा प्रयोग होता. तो संस्कृतचा जाणकार असून लोकांत मिसळत असे. त्याने जमविलेली लोकसाहित्यविषयक टिपणे त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन याने संपादित केली. मात्र बाबारावांवरील खटल्याशी त्याचा संबंध असल्याने क्रांतिकारकांच्या दृष्टीने त्याची विद्वत्ता गौण ठरली.

कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे तुरुंगात फाशी देण्यात आले. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्याकरवी धाडली होती. वधासाठी वापरलेले पिस्तूल त्यांपैकीच होते. लंडनमध्ये अटक होऊन हिंदुस्थानात आणले जात असता ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्स बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी घेतली. परंतु किनाऱ्यावर ते पुन्हा पकडले गेले. फ्रान्सच्या भूमीवरील या अटकेमुळे आंतरराष्ट्रीय वाद उपस्थित झाला. मुंबईत खास न्यायाधीशांपुढे अडतीस आरोपींवर खटला चालला. सावरकरांना २४ डिसेंबर १९१० व ३० जानेवारी १९११ रोजी अशा दोन जन्मठेपी झाल्या. हेगच्या लवादाने अटकेतील अनियमितता मान्य केली. मात्र त्यांना फ्रान्सच्या स्वाधीन करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निर्णय २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिला. त्याच वर्षी त्यांची रवानगी अंदमानात झाली; बाबाराव तेथे आधीपासूनच होते.