उभ्या गाडीचा हासील

छत्रपती संभाजीनगरातील एखादा गृहस्थ सायंकाळी निराला बाजारात खरेदीस जातो, एका व्यापारी संकुलासमोर आपली दुचाकी उभी करतो, आणि अर्ध्या तासाने परत येऊन पाहतो तो पुढच्या चाकाला लोखंडी साखळी अडकविलेली व आरशाला एक चिठ्ठी खोचलेली. चिठ्ठीवर ‘दंड रुपये ५००’ असा शिक्का असतो. जवळच खुर्ची टाकून बसलेला रखवालदार सांगतो, “साहेब, पैसे भरा आणि गाडी न्या.” गृहस्थ प्रथम रागावतो, मग घड्याळाकडे पाहतो, मग घरी वाट पाहत असलेल्या मंडळींची त्याला आठवण होते, आणि बहुधा तो पैसे भरून मोकळा होतो. कित्येकदा तर हा प्रसंग बाजारात नव्हे, राहत्या इमारतीच्या आवारातच ओढवतो. भेटीस आलेल्या पाहुण्याची गाडी कोणा सभासदाच्या चौकटीत उभी राहिली, एवढे निमित्त पुरते. रात्री खर्चाची वही उघडल्यावर मात्र त्या गृहस्थास प्रश्न पडतो की, ही रक्कम कोणत्या सदराखाली मांडावी? हे भाडे होते, दंड होता, की निव्वळ लूट होती?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. हे शहर मलिक अंबराने १६१० साली खडकी या गावाच्या जागी वसविले. पुढे शहाजादा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असताना, १६५३ साली, त्याला औरंगाबाद हे नाव मिळाले. हा शहाजादा गादीवर बसल्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे १६५९ च्या सुमारास, त्याने एक हुकूम काढला. दोन वर्षे फौजांच्या हालचालींनी मुलूख तुडविला गेला होता, कित्येक ठिकाणी पाऊस पडला नव्हता, आणि धान्य महागले होते. रयतेला आधार म्हणून सुमारे ऐंशी लहानमोठ्या पट्ट्या माफ करण्यात आल्या. त्यांपैकी दोन पट्ट्यांचा प्रस्तुत विषयाशी अगदी जवळचा संबंध आहे.

पहिलीचे नाव पंडारी. बाजारात जो कोणी जमिनीचा तुकडा अडवून बसेल, मग तो खाटीक असो, कुंभार असो, भाजीवाला असो की कापडाचा व्यापारी, जवाहिऱ्या वा सराफ असो, त्याने त्या तुकड्याबद्दल सरकारात काही भरावयाचे. नाव ऐकून मराठी माणसाला गावाची पांढरी आठवल्यावाचून राहत नाही. दुसरी पट्टी राहदारी. ही हमरस्त्यावर, सरहद्दीवर आणि नदीच्या उतारावर घेतली जाई. एक पट्टी बसणाऱ्याची, दुसरी चालणाऱ्याची. या दोहोंच्या मधला जो थांबणारा, म्हणजे गाडी सोडून बैलांना वैरण टाकणारा गाडीवान, तो दोन्हींच्या तडाख्यात सापडत असला पाहिजे हे सांगावयास नको.

या हुकुमाचे पुढे काय झाले, याचा वृत्तान्त खाफीखान या इतिहासकाराने दिला आहे. त्याने आपला ग्रंथ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला, आणि त्याच्या आयुष्याचा बराच काळ दक्षिणेत गेला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे पंडारी खरोखरच बंद झाली, कारण ती मुख्यतः राजधानीत आणि मोठ्या शहरांत वसूल होत असे, व तेथे बादशाही अधिकाऱ्यांची नजर पोचत होती. औरंगाबाद हे दक्षिणेच्या सुभेदारीचे मुख्य ठाणे, तेव्हा येथील बाजारकऱ्यांचाही भार काहीसा हलका झाला असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही. राहदारी मात्र बंद झाली नाही. दूरच्या परगण्यांतून फौजदार आणि जहागीरदार ती पूर्ववत घेतच राहिले.

असे का व्हावे? खाफीखान एक कारण देतो ते शिक्षेचा धाक उरला नव्हता हे. ते तर कोणीही सांगेल. दुसरे कारण अधिक मार्मिक आहे. जहागीरदाराला पगाराऐवजी जो मुलूख नेमून दिलेला असे, त्याच्या कागदांत त्या मुलुखाचे अपेक्षित उत्पन्न मांडलेले असे. हुकूम निघाला, पट्टी माफ झाली, परंतु दिवाणी कारकुनांनी त्या कागदांतून राहदारीची रक्कम काही वगळली नाही. ती जहागीरदाराच्या नेमणुकीत पूर्वीप्रमाणेच जमेस धरली गेली. म्हणजे बादशहा एका हाताने पट्टी माफ करीत होता आणि त्याचेच दप्तर दुसऱ्या हाताने तीच पट्टी जहागीरदाराच्या पदरात पगार म्हणून घालीत होते. जहागीरदारालाही आयते निमित्त मिळाले. माझ्या कागदात रक्कम लिहिलेली आहे, मग मी ती का सोडावी? तक्रार वर गेली म्हणजे अपराध्याची मनसब कमी होई, चौकशीसाठी गुर्जबरदार रवाना होत, चार दिवस वसुली थांबे. गुर्जबरदार माघारी फिरले की वकिलामार्फत मनसब पूर्ववत करून घेतली जाई आणि नाक्यावर पुन्हा माणूस बसे. सरकारी अधिकारी घेतात आणि कोणी विचारीत नाही, हे पाहून जमीनदारही आपापल्या हद्दीत त्यांच्याहून अधिक घेऊ लागले. अखेरीस माल निघाल्या ठिकाणापासून इष्ट स्थळी पोचेपर्यंत मूळ किमतीच्या दुप्पट रक्कम वाटेतच भरावी लागे, असे खाफीखान लिहितो. त्याच्या लेखणीला थोडी अतिशयोक्तीची सवय असली तरी मूळ रोग त्याने बरोबर ओळखला आहे. वसुली चालते ती हुकुमावर नव्हे. वहीत ज्याच्या नावे रक्कम मांडली आहे, तो ती सोडीत नाही.

मराठ्यांच्या अमलातही जकातीचे जाळे होतेच. माल भरतेवेळी थळभरीत, विकतेवेळी थळमोड, शिवाय छापा. तेथेही वसुली पुष्कळदा मक्त्याने दिलेली असे. निजामाच्या अमलात हे शहर १७६३ पर्यंत राजधानी होते, मग दरबार हैदराबादेस गेला आणि मागे राहिली ती सुभ्याची कचेरी. १८०२ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो व्यापारी तह झाला, त्यात मालावर शेकडा पाच हासील ठरवून वाटेतील राहदारीवजा वसुली बंद करण्याचे कबूल करण्यात आले. जी पट्टी १६५९ च्या सुमारास बंद झाली होती, ती सुमारे एकशे चाळीस वर्षांनी पुन्हा एकदा बंद करावी लागली, याहून खाफीखानाला मोठा साक्षीदार कोण मिळणार? जहागिरी तर त्यानंतरही चालू राहिल्या. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झाल्यावर, १५ ऑगस्ट १९४९ च्या कायद्याने त्या रद्द झाल्या. त्या दिवसापासून कर आणि दंड घेण्याचा खाजगी हक्क या मुलुखात कायद्याने उरला नाही.

मोटारीने तो जुना प्रश्न नव्या वेषात परत आणला. पैठण दरवाजा, गुलमंडी, शहागंज हे भाग बैलगाडीच्या मापाने आखलेले आहेत. तेथे मोटार उभी करावयाची म्हणजे दुसऱ्याची वाट अडविल्यावाचून गत्यंतर नाही. जागा दुर्मिळ झाली की तिला भाव येतो, आणि भाव आला की तो वसूल करणारा उभा राहतो. याला कोणी नाव ठेवू नये. स्वतःच्या मालकीच्या आवारात गाडी ठेवू देण्याबद्दल भाडे मागणे हा खाजगी करार आहे, तो गुन्हा नव्हे. दर दाराशी स्पष्ट लिहिलेला असावा आणि येणाऱ्याने तो वाचून आत यावे, एवढीच अपेक्षा. घोटाळा होतो तो भाड्याची चिठ्ठी दंडाचा अंगरखा घालू लागते तेव्हा.

दंड ही वेगळीच वस्तू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार सरकारला आणि सरकार ज्यांना नेमील त्यांना दिला आहे, तोही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. रहदारीस अडथळा होईल अशी गाडी सोडून जाऊ नये, हा नियम त्याच कायद्याच्या १२२ व्या कलमात आहे. सार्वजनिक जागेतील अशी गाडी ओढून नेणे किंवा तिच्या चाकास कुलूप घालणे यास १२७ व्या कलमाप्रमाणे त्या हद्दीतील गणवेषधारी पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. अपराध आपसात मिटवून रक्कम घेण्याचा अधिकारही २०० व्या कलमाप्रमाणे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच आहे. या यादीत दुकानाचा रखवालदार कोठेच बसत नाही. करार मोडला असे त्याच्या मालकाचे म्हणणे असेल, तर १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम त्यास मोकळे आहे. परंतु ते कलम वाजवी भरपाई देते, आणि चिठ्ठीवरील आकडा ही तिची वरची मर्यादा ठरते. वाजवी किती, हे वाद झाल्यास न्यायालय ठरविते, शिक्का मारणारा नव्हे.

राहत्या इमारतींच्या बाबतीत महाराष्ट्रात एक महत्त्वाचा निकाल झाला आहे. मुंबईत दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत खांबांमधल्या गाड्यांच्या जागा बांधकाम करणाऱ्याने स्वतःच्या म्हणून राखल्या होत्या. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने ठरविले की, अशी जागा स्वतंत्र घर म्हणून विकता येत नाही. तिची व्यवस्था पाहण्याचे काम संस्थेचे. या निकालाने जहागीर गेली खरी, तथापि कारभार आला तो कमिटीकडे. सर्वसाधारण सभेच्या ठरावावाचून चिटणीसाने भिंतीवर दंडाची पाटी लावली, की सभासदाला पुन्हा खाफीखानाचे दिवस आठवतात. त्याने सभेचे कामकाज लिहिलेली वही पाहावयास मागावी. ठराव वहीत असेल तर तो सर्वांना लागू आहे, चिटणीसाच्या मेहुण्यालादेखील.

मोठ्या दुकानांच्या बाबतीत गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ साली असे मत दिले की, बांधकामाच्या नियमांप्रमाणे गाड्यांसाठी सोडावयाची जागा ही ग्राहकांच्या सोयीसाठी आहे, तिचे भाडे घेता येणार नाही. त्यापूर्वी २०१८ साली तेलंगण सरकारने अशा ठिकाणी पहिला अर्धा तास विनामूल्य ठरविला होता. ज्या हैदराबादेकडे १७६३ साली येथील दरबार गेला, तेथूनच हा हुकूम निघाला, हा योगायोग मौजेचा आहे.

परदेशांतही हा वाद कमी रंगलेला नाही. स्कॉटलंडमध्ये १९९२ साली न्यायालयाने खाजगी जागेत चाकास कुलूप घालून पैसे मागणे हा खंडणीचा प्रकार मानला. इंग्लंडात ते बंद होण्यास १ ऑक्टोबर २०१२ उजाडावी लागली. पण त्याच इंग्लंडात २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, दोन तासांच्या मुदतीहून अधिक वेळ थांबलेल्या एका मोटारवाल्यावरील ८५ पौंडांची आकारणी कायम केली. पाट्या ठळक होत्या, रक्कम अवाजवी नव्हती, आणि जागा अडकून राहू नये हा हेतू रास्त होता, असे न्यायालयास वाटले. कुलूप नको, पण ठळक पाटी लावून मागितलेली बेताची रक्कम चालेल, असा या दोन्हींचा मेळ बसतो.

तेव्हा निराला बाजारातल्या त्या गृहस्थाने खुर्चीवरच्या माणसाशी हुज्जत घालण्यापूर्वी पाटी कोठे आहे ते पाहावे, तिचे आणि साखळीचे छायाचित्र घ्यावे, आणि जागेच्या मालकाचे नाव व सही असलेली पावती मागावी. पावती मिळाल्यास ती जपून ठेवावी. साखळी न काढता पैसेच मागितले, तर पोलिसांना बोलवावे. पण बहुतेक ठिकाणी प्रसंग तेथवर जात नाही. पावतीचे नाव काढताच रखवालदार आत जाऊन कोणाशी तरी बोलून येतो, ५०० चे २०० होतात, २०० चे १०० होतात, साखळी सुटते, आणि पावती तेवढी मिळत नाही.