करवल्यांचा मान

लग्नघरात करवली रुसते ती बहुधा किमतीवरून नव्हे, मानावरून. ‘तिला पैठणी आणि मला हे?’ असे एकदा मनात आले, की पंक्तीतले पक्वान्नही कडू लागते.

या बाबतीत इंग्लंडच्या राजघराण्यातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १० फेब्रुवारी १८४० रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला. तिच्या झग्याचा मागे लांबवर लोळणारा घोळ सावरण्यास सरदारघराण्यांतील बारा मुली होत्या. त्या तिच्या करवल्याच म्हणाव्यात. त्यांना द्यावयाच्या ब्रोचची आकृती नवरदेव आल्बर्ट याने स्वतः योजली. आपल्या कोबर्ग घराण्याची खूण म्हणून त्याने गरुड निवडला. अंग पिरोजांचे, डोळे माणकांचे, चोच हिऱ्याची आणि नखांत मोती! बाराही जणींना असाच गरुड मिळाला. त्यांतील एक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हिरेमाणके राजाघरची. परंतु भेट आपण स्वतः योजावी, तीत आपल्या घराची काही खूण असावी आणि देताना डावेउजवे करू नये, एवढे आपल्यालाही साधेल. त्याला खजिना लागत नाही.