वॉलपेपर अलगद कसं बदलतं? लिनक्स डेस्कटॉपच्या 'स्मूथ' दिसण्यामागचं गणित

रील्समध्ये हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. कुणीतरी एक बटण दाबतं, स्क्रीनवरचा डोंगर विरघळल्यासारखा होतो आणि त्याच्या जागी समुद्र येतो. कधी नवं चित्र कोपऱ्यातून गोल पसरत जातं, तर कधी लाटेसारखं सरकतं. खाली कॉमेंट्समध्ये प्रश्न ठरलेला असतो, "हे कोणतं सॉफ्टवेअर?" उत्तर येतं, "लिनक्स." मग कुणी एरंडोलला घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकतं, वॉलपेपर बदलून बघतं आणि स्क्रीन नुसती लुकलुकते. विरघळणं नाही, लाट नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून जुन्या मशीनवर लिनक्स टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. पण '४ जीबी रॅमवर पळेल का?' या प्रश्नाबरोबर 'चांगलं दिसेल का?' हाही प्रश्न असतो आणि तो फालतू नाही. रोज आठ तास ज्या पडद्याकडे बघायचं, तो डोळ्यांना खुपला तर माणूस आठवड्यात परत जुन्या सिस्टिमकडे वळतो.

झटका येतो कुठून?

विंडोजमध्ये डेस्कटॉप एकच असतो. लिनक्समध्ये तो निवडायचा असतो. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन ही त्यातली नेहमीची नावं. वॉलपेपर रंगवण्याचं काम प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने सोडवलं आहे, म्हणून एकाच लॅपटॉपवर एका डेस्कटॉपमध्ये चित्र अलगद बदलतं आणि दुसऱ्यात धाडकन.

जुनी पद्धत एक्स ११ या प्रणालीची. तिच्यात सगळ्या खिडक्यांच्या मागे एक 'रूट विंडो' असते. फेहसारखा छोटा प्रोग्रॅम तिच्यावर चित्र चिकटवतो आणि निघून जातो. पुढचं चित्र हवं असेल तर तो पुन्हा येऊन चिकटवतो. भिंतीवर जुन्या पोस्टरवर नवं पोस्टर लावावं तसं. मधली अवस्था दाखवायला मागे कुणी थांबलेलंच नसतं, म्हणून संक्रमणही नसतं.

ही मधली अवस्था शक्य झाली ती कंपोझिटरमुळे. खिडक्या, पॅनल, वॉलपेपर ही सगळी चित्रं एकत्र करून अंतिम पडदा तयार करणारा हा प्रोग्रॅम सतत चालू असतो. ग्नोममध्ये तो मटर, प्लाझ्मामध्ये केविन. २००६ च्या सुमारास कॉम्पिझने फिरणारा घन आणि जेलीसारख्या हलणाऱ्या खिडक्या दाखवून कॉलेजांच्या लॅबमध्ये धमाल उडवली होती, ती याच तंत्रावर. त्यातला बराचसा भाग नुसता दिखावा होता हे खरं, पण कंपोझिटर लोकांच्या सवयीचा झाला. पुढे २००८ मध्ये वेलँडचं काम सुरू झालं. अर्धवट रंगलेलं चित्र पडद्यावर कधीच दिसू नये, हे त्याच्या मुळाशीच ठेवलेलं होतं.

विरघळणं म्हणजे सरासरी

चित्र विरघळताना दिसतं ते प्रत्यक्षात साधं अंकगणित असतं. समजा एका ठिपक्याचा लाल रंग जुन्या चित्रात २०० आहे आणि नव्यात १००. अर्ध्या वाटेवर तो १५० दाखवायचा. पाव वाटेवर १७५. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी, लाल-हिरवा-निळा तिन्ही रंगांसाठी, हेच करायचं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि आजचा साधा ग्राफिक्स चिपही एवढ्या वेळात हे सहज उरकतो.

मग अडकतं कुठे? बहुतेक वेळा फाइल उघडताना. जेपीजी फाइल डिस्कवर ४ एमबीची असली तरी मेमरीत उलगडल्यावर ती तेवढी राहत नाही. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १.२ कोटी ठिपके. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर ४८ एमबी. विरघळताना जुनं आणि नवं अशी दोन्ही चित्रं लागतात, म्हणजे ९६ एमबी. जुन्या लॅपटॉपची स्क्रीन असते १३६६ बाय ७६८ ची. तेवढ्याच आकाराचं चित्र मेमरीत जेमतेम ४.२ एमबी घेतं. म्हणून जुन्या मशीनसाठी सगळ्यात उपयोगी सल्ला कोणत्याही सेटिंगमध्ये नाही. फोटो आधी स्क्रीनच्या मापाचा करून घ्यावा, मग वॉलपेपर म्हणून लावावा.

ग्नोमने या अडचणीवर बरा तोडगा काढला आहे. नवं चित्र मागे पूर्ण उलगडेपर्यंत जुनं तसंच ठेवायचं आणि मगच एका सेकंदात एकातून दुसऱ्यात जायचं. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ग्नोम ४२ पासून उजेडाच्या आणि अंधाराच्या थीमसाठी दोन वेगळी वॉलपेपर ठेवता येतात. थीम बदलली की सगळा पडदा एकसंधपणे गडद होतो. हे एकदा पाहिलं की बाकीच्या ठिकाणचा झटका जास्तच जाणवतो.

पद्मालयची सकाळ, पद्मालयची रात्र

दिवसाच्या वेळेनुसार बदलणारं वॉलपेपर अनेकांना मॅकची देणगी वाटते, कारण २०१८ च्या मॅकओएस मोहावेमध्ये त्याची मोठी जाहिरात झाली. प्रत्यक्षात नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या फेडोरा ८ चं 'इन्फिनिटी' वॉलपेपर दिवसभरात रंग बदलत असे. तीच सोय ग्नोममध्ये आजही आहे, फक्त सेटिंग्जच्या पानावर तिचं बटण नाही. शॉटवेल या फोटो प्रोग्रॅममधून साधा स्लाइडशो लावता येतो, पण वेळापत्रक स्वतः ठरवायचं तर एक छोटी एक्सएमएल फाइल हाताने लिहावी लागते.

समजा एरंडोलजवळच्या पद्मालयला एकाच जागेवरून कमळांच्या तळ्याचे चार फोटो काढले: सकाळ, भर दिवस, संध्याकाळ आणि रात्र. कॅमेरा ट्रायपॉडवर हवा, नाहीतर विरघळताना देवळाचा कळस दुहेरी दिसतो. फाइलमध्ये आधी सुरुवातीची वेळ लिहायची, समजा सकाळी ६. त्यानंतर आलटून पालटून दोन प्रकारच्या नोंदी येतात. 'स्टॅटिक' म्हणजे चित्र किती सेकंद स्थिर राहील आणि 'ट्रान्झिशन' म्हणजे एकातून दुसऱ्यात जायला किती सेकंद लागतील. सकाळ २ तास, दिवस ८ तास, संध्याकाळ १ तास, रात्र ९ तास आणि मधली चार संक्रमणं एकेक तासाची. एकूण २४ तास.

ही बेरीज ८६,४०० सेकंद भरायलाच हवी. ग्नोम घड्याळात 'आता सकाळ झाली का' हे बघत नाही. सुरुवातीच्या वेळेपासून किती सेकंद गेले तेवढंच मोजतो आणि यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बेरीज ८५,८०० झाली, म्हणजे फक्त १० मिनिटं कमी पडली, तर सहा दिवसांनी तळ्यावरची सकाळ एक तास आधीच उगवते. महिन्याभरात भर पहाटे ऊन पडतं. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे सरकवणाऱ्या देशांत बिनचूक फाइलसुद्धा वर्षातून दोनदा तासाने चुकते. भारतीय प्रमाणवेळेत ती कटकट नाही. तरीही खानदेशात जूनमधला सूर्योदय सहाच्या आत होतो आणि जानेवारीतला सातच्या पुढे, एवढा फरक या पद्धतीत पकडता येत नाही.

आणखी एक गंमत. या वेळापत्रकातलं संक्रमण ग्नोम सलग रंगवत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी रंगवतो. पूर्ण बदलाच्या साधारण ६४ पायऱ्या आणि दोन पायऱ्यांमध्ये किमान १ सेकंद, कारण उगाच प्रोसेसरला जागं केलं तर बॅटरी जाते. एक तासाच्या संक्रमणात दर ५६ सेकंदांनी एक बारीक पायरी येते, डोळ्याला कळतही नाही. पण कुणी हौसेने ५ सेकंदांचं संक्रमण लिहिलं तर पाचच मोठे धक्के दिसतात. 'एवढं करून अडखळतंच आहे' अशी तक्रार करणाऱ्यांनी मशीनला दोष देण्याआधी हा आकडा बघावा. इथे सावकाश तेच गुळगुळीत.

बाकीचे काय करतात?

केडीई प्लाझ्मामध्ये फाइल लिहावी लागत नाही. वॉलपेपरच्या पानावर 'स्लाइडशो' निवडा, फोल्डर दाखवा, किती वेळाने बदलायचं ते सांगा. चित्र विरघळत बदलतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या प्लाझ्मा ६.५ मध्ये उजेडाची आणि अंधाराची थीम वेळेनुसार आपोआप बदलण्याची सोय आली. हात न घाणता चांगलं दिसायला हवं असेल तर आजच्या घडीला प्लाझ्माच बरा.

एक्सएफसीई ठरावीक वेळाने चित्र बदलतो, पण विरघळवत नाही. मशीन फारच जुनं असेल तर हे स्वीकारणंच शहाणपणाचं.

आणि रील्समधली ती लाट? ती बहुतेक वेळा हायपरलँड किंवा स्वे यांसारख्या वेलँड कंपोझिटरवर एसडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या छोट्या प्रोग्रॅमने आणलेली असते. पोस्टर चिकटवून निघून जाणाऱ्या फेहसारखा तो नाही. तो मागे चालू राहतो आणि मधल्या सगळ्या फ्रेम स्वतः तयार करतो. गोल पसरणं, पुसलं जाणं, लाट हे त्याचे तयार प्रकार आहेत. मात्र हायपरलँड आणि स्वे या दोन्हींमध्ये मांडणीपासून शॉर्टकटपर्यंत बरंच काही फाइलमध्ये लिहून ठरवावं लागतं. दहा सेकंदांच्या रीलमागे कित्येक रात्री गेलेल्या असतात, ते रीलमध्ये दिसत नाही.

ज्यांना हलत्या चित्रांनी गरगरतं किंवा ज्यांचं मशीन दमतं, त्यांच्यासाठी ग्नोमच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ॲनिमेशन बंद करता येतं. प्लाझ्मामध्ये ॲनिमेशनचा वेग ठरवणारी पट्टी 'तात्काळ'कडे सरकवली की काम होतं.

मराठी डेस्कटॉपचा वेगळा प्रश्न

वॉलपेपर कितीही अलगद बदललं आणि वरच्या पट्टीतली वेलांटी कापलेली दिसली, तर सगळी मेहनत पाण्यात. मराठीत दिसण्याचा निम्मा प्रश्न फाँटचा असतो. मराठीतले 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळे लिहिले जातात. काही देवनागरी फाँटमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सिस्टिमने सांगितलं तरच मराठी वळण येतं. भाषा इंग्रजी किंवा हिंदी ठेवली तर तोच फाँट हिंदी 'ल' दाखवतो. अनेक लिनक्समध्ये मिळणारा लोहित देवनागरी हा रेड हॅटने मुक्त परवान्याखाली आणलेल्या लोहित मालिकेतला. त्याच्यावर बरंच काम रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात झालं. फेडोराच्या मंडळींचं फडकॉन संमेलनही पुण्यात दोनदा भरलं, २०११ मध्ये सीओईपीत आणि २०१५ मध्ये एमआयटीत.

तेव्हा वॉलपेपरला हात घालण्याआधी सेटिंग्जमध्ये 'भाषा व प्रदेश' उघडून मराठी निवडावं, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावं आणि फाइल मॅनेजरमध्ये 'लाल शाल' नावाचं फोल्डर बनवून बघावं. तिन्ही 'ल' आणि मधला 'श' मराठी वळणाचे दिसले, तर फाँटचं काम झालं. नाही दिसले तर फाँट बदलायचा, मग पद्मालयचे फोटो १३६६ बाय ७६८ चे करायला घ्यायचे.