पुलगाव–आर्वी रेल्वे: वर्धा जिल्ह्यातली ‘शकुंतला’ का थांबली?

पुलगाव–आर्वी ही वर्धा जिल्ह्यातली सुमारे ३५ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे. १९१७ मध्ये सुरू झाली, आता बंद आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरच्या गाडीसारखंच हिलाही लोक ‘शकुंतला’ म्हणतात. दोन्ही मार्ग एकाच कंपनीचे होते.

आधी गेज समजून घेऊ. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. इथे ते ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होतं. मुंबई–नागपूर मेन लाइनचं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, दुपटीहून जास्त. तुमच्या हातातल्यासारखे पाच फोन उभे एकापुढे एक ठेवले की नॅरोगेजची रुंदी जवळजवळ भरते, ब्रॉडगेजला दहाहून जास्त लागतील.

अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, रूळ हलके चालतात, वळणंही जास्त तीव्र घेता येतात. थोडक्यात, स्वस्तात काम. आणि काम कापसाचं होतं. आर्वी भागातला कापूस पुलगावला आणायचा, तिथून मेन लाइनने मुंबई, पुढे जहाजाने परदेशातल्या गिरण्या.

पण खरी गोम पुलगावातच होती. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालत नाही, त्यामुळे सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचा. जुना चार्जर आणि टाइप-सी फोन असं समजा, फक्त इथे ॲडॉप्टर म्हणजे हमालांची पाठ. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे परवडलं. ट्रक आला तेव्हा गणित फिरलं, कारण तो जिनिंगच्या दारातून माल उचलतो आणि मधे कुठेच रिकामा करत नाही. प्रवाशांचंही तसंच: एसटी थेट गावात येते.

दुसरी अडचण मालकीची. किलिक निक्सन या ब्रिटिश फर्मने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मार्ग कंपनीचा, गाड्या चालवणार जीआयपी रेल्वे, असा करार. १९५१ मध्ये जीआयपी मध्य रेल्वेत गेली, पण कंपनीची मालकी करारावर तशीच राहिली. एकाचं हार्डवेअर, दुसऱ्याचं ऑपरेशन. मग अपग्रेडचा खर्च कोण करणार? माझ्या मते गेजपेक्षा हाच घोळ जास्त महागात पडला. १९९२ नंतर रेल्वेने देशभर ‘एकच गेज’ धोरण धरलं. बहुतेक नॅरोगेज मार्गांपुढे दोनच वाटा उरल्या, ब्रॉडगेज होणं किंवा बंद पडणं. आर्वीच्या वाट्याला दुसरी आली. ब्रॉडगेजची मागणी जुनी आहे, पण आर्वीकरांना रेल्वे पकडायला आजही बाहेर जावं लागतं.

अशा बंद मार्गांच्या खुणा फोनवर शोधायच्या तर मॅपमध्ये सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि पुलगाव स्टेशनपासून उत्तरेकडे सरका. रस्ता शेताच्या बांधाला धरून झटकन वळतो, रेल्वे तसं करत नाही. शेतांना तिरकी कापत जाणारी, लांब आणि सावकाश वळणारी पट्टी दिसली तर थांबून झूम करा. ओपनस्ट्रीटमॅपवर बंद रेल्वेसाठी वेगळा टॅग असतो. ओपनरेल्वेमॅप असे मार्ग वेगळ्या रेषेने दाखवतं. तिथे काही चुकलेलं किंवा राहिलेलं आढळलं, तर अकाउंट काढून तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता. गावातल्या म्हाताऱ्यांना ‘स्टेशन नेमकं कुठे होतं’ एवढं मात्र आधी विचारून घ्या.