मद्रासचा यातना-चौकशी अहवाल (1855): साक्ष आणि दाद

मैलापुरातील आजचा डॉ. राधाकृष्णन सालै हा रस्ता पूर्वी एडवर्ड इलियट यांच्या नावाने ओळखला जात असे. इलियट हे मद्रास शहराचे मुख्य दंडाधिकारी होते. तथापि त्यांचे ऐतिहासिक महत्त्व 1855 च्या एका अहवालाशी निगडित आहे. सारावसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी मद्रास इलाख्यात रयतेचा शारीरिक छळ होतो, या आरोपाची चौकशी करणाऱ्या आयोगात इलियट, एच. स्टोक्स आणि जॉन ब्रूस नॉर्टन हे तीन सदस्य होते.

या चौकशीचे मूळ मद्रासच्या नागरी चळवळीत आहे. गाजुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांच्या पुढाकाराने 1852 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास नेटिव्ह असोसिएशनने आपले गाऱ्हाणे थेट ब्रिटिश संसदेकडे पाठविले. पुढील वर्षी संसद-सदस्य डॅन्बी सेमूर यांनी मद्रासला येऊन परिस्थिती पाहिली आणि जुलै 1854 मध्ये हा प्रश्न कॉमन्स सभेत गाजला. लंडनची संसद हे आजच्या अर्थाने आंतरराष्ट्रीय न्यायपीठ नव्हते. परंतु ज्या सत्तेविरुद्ध तक्रार, तिच्याच कचेरीबाहेरचे ते एक दार होते.

आयोगापुढे तीन महिन्यांत 1,959 तक्रारी आल्या. बोटे लाकडी चापात दाबण्याची 'किट्टी' आणि शरीर वाकवून बांधून ठेवण्याचे 'अनंदाल' हे प्रकार नित्याचे असल्याचे त्यांतून उघड झाले. छळ होतो, हे आयोगाने निःसंदिग्धपणे मान्य केले. दाद मागणे रयतेला किती दुष्कर होते, याचीही त्याने नोंद घेतली. दोष मात्र एतद्देशीय कनिष्ठ नोकरांवर ठेवण्यात आला. युरोपीय अधिकाऱ्यांची याला संमती होती, असे जनतेला वाटत नाही, असा निर्वाळा देण्यात आला. तमिळ-तेलुगू रयतेची गाऱ्हाणी इंग्रजी अहवालात उतरताना त्यांतील वेदना टिकली, पण आरोपाचा रोख बदलला. भाषांतराच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी ही घटना आहे. कार्ल मार्क्स यांनी 17 सप्टेंबर 1857 च्या 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'मधील लेखात हाच अधिकृत पुरावा वापरून ब्रिटिश सत्तेला जबाबदार धरले. एकाच साक्षीचे असे दोन परस्परविरोधी पाठ दोन वर्षांत निर्माण झाले.

न्यायालयाचा मार्गही याहून सुकर नव्हता. तंजावरचे भोसले राजे शिवाजी 1855 मध्ये निपुत्रिक वारल्यावर कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यांची बाजू मांडणारे वकील हेच नॉर्टन होते. मद्रासला निकाल राणीच्या बाजूने लागला, पण 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. ही जप्ती राज्यसत्तेचे कृत्य असल्याने तिच्या न्याय्यतेचा विचार करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे ठरले. एका प्रकरणात सत्तेने अपराध मान्य करून जबाबदारी नाकारली, तर दुसऱ्यात न्यायपीठानेच आपले हात बांधून घेतले.

अहवाल निष्फळ ठरला असे नव्हे. 1859 च्या मद्रास पोलीस कायद्याने पोलीसव्यवस्था महसूल खात्यापासून वेगळी केली. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध ग्राह्य न धरण्याचे तत्त्व 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आले. मात्र जबाबदारीच्या प्रश्नाचे उत्तर 1984 च्या संयुक्त राष्ट्रांच्या यातनाविरोधी करारातील व्याख्येत मिळते. शासकीय व्यक्तीने स्वतः केलेला छळच नव्हे, तर तिच्या संमतीने किंवा मूक संमतीने झालेला छळही त्या व्याख्येत येतो. आयोगाने वरिष्ठांसाठी ठेवलेली पळवाट येथे बुजते. भारताने या करारावर 1997 मध्ये स्वाक्षरी केली. अनुसमर्थन अद्याप केलेले नाही. त्यामुळे मद्रासच्या रयतेने उपस्थित केलेला प्रश्न केवळ वसाहतकाळापुरता मर्यादित मानता येत नाही.