दिल्लीचें तख्त व दिल्ली शहर

मराठी घरांत दिल्लीचें नांव निघतें तें बहुधा तख्ताच्या जोडीनें. तें तख्त कोणीं फोडलें, कोणीं राखिलें, याच्या कथा ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालों. परंतु तख्ताभोंवतीं जें शहर नांदत होतें त्याची विचारपूस आम्हीं क्वचितच केली.

वस्तुतः दिल्ली हें एक नगर नव्हे. तो अनेक राजधान्यांचा समुदाय आहे. अल्लाउद्दीन खिलजीनें सिरी वसविली, ग्यासुद्दीन तुघलकानें तुघलकाबाद, फिरोजशहानें फिरोजाबाद, शहाजहाननें शहाजहानाबाद. पूर्वीच्याच्या वाड्यांत राहणें जणूं कमीपणाचें! महंमद तुघलकानें तर १३२७ च्या सुमारास राजधानीच आमच्या देवगिरीस हलविली. पण थोड्याच वर्षांत त्याला पुन्हां दिल्लीची वाट धरावी लागली.

या हौसेचें फळ पाहावयाचें असल्यास वाचकांनीं तुघलकाबादचा कोट पाहावा. तो बांधीत असतां सुलतानानें सारे गवंडी आपल्या कामावर ओढले. तेव्हां निजामुद्दीन अवलियांच्या बावडीचें काम रात्रीं दिव्यांच्या उजेडांत चालूं लागलें, अशी आख्यायिका आहे. सुलतान व अवलिया दोघेही १३२५ मध्यें निवर्तले. आज कोट उजाड आहे; बावडींत पाणी आहे, आणि दर्ग्यांत माणसांची दाटी असते.

आमच्या पूर्वजांच्या कर्तृत्वाकडेही याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. १७६० मध्यें सदाशिवरावभाऊंनीं फौजेच्या खर्चासाठीं दिवाणखासाचें रुप्याचें छत काढून त्याचीं नाणीं पाडलीं. नड मोठी होती, हें खरें. १७७२ मध्यें मराठ्यांच्या आश्रयानें शहाआलम बादशहा दिल्लीस परतला. १७८८ मध्यें गुलाम कादरानें त्याचे डोळे काढले, तेव्हां महादजी शिंद्यांच्या फौजेनेंच त्या नराधमास हुसकून लाविलें. पुढें १८०३ मध्यें पटपरगंजच्या लढाईनें दिल्ली इंग्रजांच्या हातीं गेली. आम्हीं बादशहाचें रक्षण केलें, हें अभिमानानें सांगावें. नगरीचें पालन केलें, असें म्हणतांना मात्र जीभ अडखळते.

इंग्रजांनीं १९११ मध्यें राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याचें जाहीर केलें व १९३१ मध्यें नव्या दिल्लीचें उद्घाटन केलें. सोळा वर्षांत तेही गेले. १९४७ सालीं जुन्या किल्ल्यांत व हुमायूनच्या कबरीभोंवतीं निर्वासितांच्या छावण्या पडल्या. पंजाबांतून सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनीं येथें दुकानें मांडलीं, मुलें शाळेंत घातलीं, आणि शहराला नवें रूप दिलें. पूर्वीं दिल्ली सुलतानांनीं वसविली. या वेळीं ती आश्रितांनीं वसविली.

राज्यकर्त्यांची बांधकामाची हौस मात्र सरलेली नाहीं. २०२३ मध्यें संसदही नव्या वास्तूंत गेली. त्या वास्तूची शोभा आम्ही नाकारीत नाहीं. पण दिल्लीचें तख्त कोणीं राखिलें, एवढेंच आजवर आम्ही विचारीत आलों. यापुढें तें उभारणाऱ्या गवंड्याच्या घरीं पाणी पोहोंचलें कीं नाहीं, हेंही विचारावें.