मूळ सायलेन्सर की बाजारातील सायलेन्सर? ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकलीसाठी निवड करताना

पक्क्या रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी झालेली आणि तरीही खडकाळ, मातीच्या वाटेवर उतरू शकणारी मोटारसायकल ‘ड्युअल-स्पोर्ट’ या नावाने ओळखली जाते. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्ड हिमालयन आणि २०१९ मध्ये हीरो एक्सपल्स २०० बाजारात आल्यानंतर अशा दुहेरी वापराच्या गाड्या भारतात रुळल्या. गाडी घेतल्यानंतर अनेक चालक पहिला बदल करतात तो सायलेन्सरचा. वजन घटेल, ताकद वाढेल आणि आवाज भारदस्त होईल, या तीन अपेक्षा त्यामागे असतात. त्यांपैकी कोणती कितपत पूर्ण होते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, हे समजून घेतल्याशिवाय हा निर्णय घेणे योग्य नव्हे.

एक्झॉस्टचे कार्य

इंजिनातून निघालेला जळका वायू प्रथम बेंड पाइपमध्ये येतो, तेथून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आणि शेवटी सायलेन्सरमध्ये जातो. कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कमी घातक वायूंत रूपांतर होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस-६’ मानकांची पूर्तता करण्यात या भागाचा वाटा मोठा आहे. बेंड पाइपवरील ऑक्सिजन सेन्सर वायूतील प्राणवायूचे प्रमाण मोजतो आणि त्यानुसार इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजे ‘ईसीयू’, पेट्रोलची मात्रा ठरवतो.

एक्झॉस्टचे आणखी एक काम सहसा लक्षात घेतले जात नाही. व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून पुढे जाते आणि जेथे नळीची रुंदी बदलते तेथून परत फिरते. ही लाट योग्य क्षणी परतली, तर सिलिंडर पूर्ण रिकामा होऊन ताजे मिश्रण अधिक भरते. इंजिनाला ‘मागचा दाब’ लागतो, असे गॅरेजमध्ये सांगितले जाते; प्रत्यक्षात महत्त्व असते ते लाटेच्या वेळेला. नळीची लांबी व व्यास यांवर ही वेळ अवलंबून असते. डोंगरवाटेवरच्या गाडीत कमी व मध्यम फेऱ्यांवर ओढ मिळावी, या हेतूने उत्पादक हे माप ठरवतात.

लाभ किती?

बाजारातील पर्याय दोन प्रकारचे आहेत. ‘स्लिप-ऑन’मध्ये केवळ मागचा सायलेन्सर बदलतो; ‘फुल सिस्टिम’मध्ये बेंड पाइपपासून सर्व काही बदलते आणि बहुधा कन्व्हर्टरही निघून जातो. लहान, एका सिलिंडरच्या इंजिनात केवळ स्लिप-ऑन बसवून ताकदीत जाणवण्याजोगी वाढ क्वचितच होते. जी होते ती मुख्यतः वरच्या फेऱ्यांवर. चढावर, वाळूत किंवा दगडांतून हळू चालताना जी ओढ लागते, ती कधी कधी उलट कमी होते.

वजनातील घट मात्र खरी आहे. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे साठ टक्के असल्याने त्याचे सायलेन्सर लक्षणीय हलके असतात. मात्र याचा हिशेब गाडीच्या एकूण वजनाशी करावा लागतो. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते. म्हणजे टाकी चार लिटरने कमी भरली, तरी तीन किलो वजन घटते. अनावश्यक सामान घरी ठेवणे हा त्याहूनही स्वस्त उपाय आहे.

इंजिनावरील परिणाम दुर्लक्षित करण्याजोगा नाही. मोकळ्या एक्झॉस्टमुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण कमी पडू शकते. संथ व स्थिर वेगात ईसीयू काही मर्यादेपर्यंत ही तूट भरून काढतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र तो बहुधा आधी ठरवून दिलेल्या आकड्यांवरच चालतो. त्यामुळे नव्या एक्झॉस्टबरोबर ईसीयूचे आकडेही बदलावे लागतात आणि उत्पादकाची वॉरंटी धोक्यात येते.

वाटेवरची परीक्षा

नदी-नाले ओलांडताना सायलेन्सरचे तोंड पाण्यापासून उंच असावे लागते. एक्सपल्ससारख्या गाडीत ते मुळातच वर उचललेले आहे. बाहेरून बसवलेला सायलेन्सर ही उंची राखतो का, त्याला उष्णतारोधक कवच आहे का आणि बाजूला टांगलेली बॅग त्यापासून सुरक्षित राहते का, हे तपासणे आवश्यक ठरते. उन्हाळ्यातील वाळलेल्या गवतात एक्झॉस्टमधून उडालेली ठिणगी वणव्याचे कारण होऊ शकते. अमेरिकेच्या वनविभागाने आपल्या जंगलातील वाटांवर ठिणगीरोधक जाळी सक्तीची केली आहे ती याच कारणाने. बाजारातील मोकळ्या सायलेन्सरमध्ये अशी जाळी असतेच असे नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात ही भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास कलम १९० (२) अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता लागू होते. प्रत्यक्ष तडजोड शुल्क राज्यानुसार बदलते. पुणे आणि विशाखापट्टणमसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची उदाहरणे आहेत.

दुचाकींच्या निर्मितीच्या वेळी पाळावयाची ध्वनिमर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी ८० डेसिबल आहे. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थांत चाचणी होऊनच नव्या मॉडेलला मान्यता मिळते. डेसिबलचे माप सरळ वाढत नाही. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी जाणवते. त्यामुळे ‘थोडासाच मोठा’ वाटणारा सायलेन्सर घाटातल्या शांत वस्तीला फार मोठा वाटतो. अशाच तक्रारींतून गावाजवळच्या वाटा दुचाकींना बंद होतात आणि त्याचा फटका नियम पाळणाऱ्या चालकांनाही बसतो.

निवड कशी करावी?

सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मूळ सायलेन्सर हाच सुरक्षित पर्याय आहे. तो गंजला किंवा दगडावर आपटून चेपला, तर अधिकृत केंद्रातून त्याच मॉडेलचा भाग घ्यावा. कामगिरी सुधारायची असल्यास योग्य टायर, सस्पेन्शनची जुळणी, इंजिनाखालचे संरक्षक कवच आणि चालकाचे प्रशिक्षण यांवर केलेला खर्च डोंगरवाटेवर अधिक उपयोगी पडतो. बाजारातील एक्झॉस्ट बंदिस्त ट्रॅकवरील स्पर्धेपुरता ठेवावा, तेथपर्यंत गाडी दुसऱ्या वाहनावर न्यावी आणि रस्त्यावर आणण्यापूर्वी मूळ भाग पुन्हा बसवावा. मूळ सायलेन्सर विकून टाकण्याची चूक मात्र करू नये. गाडी विकताना, विम्याचा दावा करताना किंवा पोलिसांनी थांबवल्यावर त्याची किंमत कळते.